आप्पांना आणायला सुरतेला

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती त्या श्रावणात नाशिकमध्ये ज्याला त्याला कोणाचा तरी सत्कार करायची हुक्की आली होती. आमच्या कॉलनीनं एक स्वातंत्र्यसैनिक शोधून काढले. पलीकडच्या कॉलनीला कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी आमचेच उसने मागितले. मला शोधाशोध करायची नव्हती. माझा माणूस ठरलेला होता. अडचण एवढीच की तो सुरतेला राहत होता आणि येणार नाही म्हणत होता.

हा माणूस म्हणजे हवालदार भिला पाटील. उमेदीची सगळी वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर फौजेचा ट्रक चालवून निवृत्त झाले आणि नाशिकला एका गोदामात ड्रायव्हर म्हणून लागले. आमच्या गल्लीत खोली घेऊन एकटेच राहत. बायको गावी, अमळनेरकडे, शेती आणि सासू सांभाळत होती. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. माझा नवरा गेला तेव्हा दारात त्याची मेटॅडोर उभी होती आणि ती विकून टाका असं सांगायला रोज कोणीतरी येत होतं. आप्पा तेवढे एकटे म्हणाले, "चालवायला शिक."

त्यांनीच शिकवलं, तेही फौजी पद्धतीनं. चूक झाली की ओरडायचे नाहीत. गाडीतून उतरून सरळ चालू लागायचे. मग मी गाडी हाकत त्यांच्या मागे जायचं आणि त्यांना पुन्हा बसवून घ्यायचं. अशा विनवण्या करण्यातच माझा क्लच सुधारला. आज शाळेच्या मुलांची ने-आण आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्या, असा माझा धंदा आहे. निम्म्या गाड्या बायका चालवतात. पंधरा ऑगस्टला माझ्या अंगणात आप्पांच्या हातून झेंडा लावायचा आणि सगळ्यांसमोर त्यांना शाल-नारळ द्यायचा, असं मी ठरवलं.

फोन केला. सुरतेला त्यांच्या शेजारच्या साडीच्या दुकानात फोन होता. आप्पा आले, म्हणाले, "नको. तू बरी आहेस ना? मग ठेव." आणि ठेवला. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. दारात येऊन बसलेल्या बाईला नाही म्हणणं अवघड जातं. रविवारी पहाटे मी मारुती व्हॅन काढली.

सापुताऱ्यावरून

नाशिकहून सुरतेला जायचे रस्ते पुष्कळ आहेत. मी वणी-सापुताऱ्याचा घेतला, कारण श्रावणात त्या रस्त्याला तोड नाही. दिंडोरी सुटली की डोंगर जवळ यायला लागतात, आणि वणीला सप्तशृंगीचा कडा ढगात अर्धा बुडालेला दिसतो. मी गाडीतूनच हात जोडले आणि पुढे निघाले. देवाधर्माच्या बाबतीत माझं एवढंच असतं.

गुजरातच्या हद्दीवर पोलिसानं अडवलं. तिकडे दारूबंदी असल्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक गाडीकडे ते संशयानंच बघतात. त्यानं मागचं दार उघडायला लावलं. आत नाशिकचा चिवडा, एक शाल, एक नारळ आणि स्टेपनी. नारळ त्यानं कानाशी धरून हलवून पाहिला. "पाणीच आहे," मी म्हटलं. तो हसला आणि नारळ परत दिला, पण चिवड्याची एक पुडी ठेवून घेतली.

घाट उतरून डांगात शिरलं की सागाचं जंगल लागतं. पावसाळ्यात सागाची पानं एवढी मोठी होतात की बायका ती डोक्यावर धरून जातात. वघईला एका झोपडीवजा खानावळीत नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि बांबूच्या कोंबाचं लोणचं मिळालं. आपल्याकडे बांबू फक्त मांडवाला लागतो, हे लोक त्याचं लोणचं घालतात आणि ते फार चांगलं लागतं. मी दोनदा मागून घेतलं.

व्याऱ्याला चहा घ्यायला थांबले. चहावाला माझ्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "ड्राइवर क्यां छे, बेन?"

"मीच," मी म्हटलं.

"एकलां?"

"एकटीच."

त्यानं चहात आलं जास्त घातलं. ते कौतुकानं की काळजीनं, हे मला कळलं नाही.

बारडोलीपासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आपल्या नगरकडच्या ऊसवाल्याला हेवा वाटावा असा. रस्ता सरळ, मोकळा, त्यामुळे मी गाणी म्हणत निघाले आणि कडोदऱ्याला जिथं डावं-उजवं न करता चलथाणकडे जायचं, तिथं एका ट्रकच्या मागे लागून हायवेनं उत्तरेला गेले. कामरेज आल्यावर चूक कळली. ज्या बाईचा निम्मा आठवडा रस्ते चुकणाऱ्या ड्रायव्हरांना बोलण्यात जातो, तिनं ही गोष्ट नाशिकला कोणाला सांगितलेली नाही. इथं लिहिते आहे, कारण माझे ड्रायव्हर वाचत नाहीत.

लिंबायत

सुरत स्वच्छ निघाली. प्लेगच्या वर्षी या शहराबद्दल जे ऐकलं होतं त्यानं मी नाकाला रुमाल लावायच्या तयारीनं आले होते, तर रस्ते झाडलेले, गटारं झाकलेली. आमच्या नाशिकच्या नगरपित्यांना इथं सहलीला आणलं पाहिजे.

आप्पांचं घर लिंबायतेत. मुलं इथं मागांवर लागली तसे नाशिक आणि गाव सोडून दोघं नवरा-बायको इकडेच आलेले. सगळी वस्ती आपल्या लोकांची. खानदेशातली जास्त, शिवाय मराठवाड्यातली आणि विदर्भातली. बहुतेकांचं पोट यंत्रमागांवर. एरवी इथं मागांची खटखट दिवसरात्र चालते म्हणतात, पण मी पोचले तेव्हा गल्ली शांत होती. माग चालवणारे खानदेशी, आणि त्या रविवारी खानदेश्यांच्या घरोघर कानबाई बसलेली. कानबाईचं नाव मी ऐकून होते. आप्पा नाशिकला असताना दर श्रावणात "घरी देवी बसते" म्हणून रजा घेऊन जायचे. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दारात केळीचे खांब होते. आत चौरंगावर देवी होती. नारळाला डोळे काढलेले, नथ घातलेली, नव्या खणात गुंडाळलेला. आप्पा तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले होते. केस पार पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. मला बघून उठले, पण माझ्याजवळ न येता बाहेर गेले आणि व्हॅनभोवती एक चक्कर मारून परत आले.

"उजवीकडचं मागचं चाक बघून घे," म्हणाले. "ये, बस."

त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही पूर्वी एकदाच भेटलो होतो. "ये वो माय, बठ," म्हणून त्यांनी मला हाताला धरून बसवलं. मोठी सून मंगला स्वयंपाकात होती. नातसून पूनम चार महिन्यांपूर्वीच घरात आलेली आणि आता दिवस गेलेली. तिचे वडील यवतमाळकडून मागांवर आलेले, पण ती जन्मली-वाढली सुरतेत. त्यामुळे आजेसासूशी मराठी, नवऱ्याशी हिंदी आणि भाजीवाल्याशी गुजराती.

घरभर पुरणाचा वास होता, पण मला जेवण शेजारच्या घरून आलं. पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. मला जरा नवल वाटलं, पण आपण आगंतुक, त्यात सणाचा दिवस, घरात माणसं पंचवीस. कमी पडलं असेल असं समजून मी जेवले.

जेवण झाल्यावर विषय काढला.

"आप्पा, पंधरा ऑगस्टला तुम्ही आलंच पाहिजे."

"फोनवर सांगितलं की."

"ते मी ऐकलं नाही. लाइन खराब होती."

"लाइन चांगली होती. सुमनबाई, सत्कार लढलेल्यांचा करतात. मी एक गोळी झाडली नाही. मी पीठ पोचवलं, रॉकेल पोचवलं, टपाल पोचवलं."

"ते पीठ खाऊनच लढले ना सगळे?"

"मग त्यांना घाल शाल. पिठाच्या गोणीला शाल घालतात का कोणी?"

"तुम्ही नसता तर मी आज कोणाच्या तरी घरी धुणी धूत असते."

"त्यात काय वाईट? कपडे स्वच्छ निघाले असते."

मी जिजींकडे बघितलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "त्यास्नं नही म्हणजे नहीच. पंचेचाळीस वरीस झाले, मी पण दखी राहिनू." म्हणजे मी पण तेच बघत आलेय. त्यांनी माझी बाजू घेतली की आप्पांची, ते काही मला उमगलं नाही. रात्री जागरण होतं. बायका फेर धरून गाणी म्हणत होत्या. मी माळ्यावर जाऊन झोपले.

सोमवार

सकाळी देवीला तापीवर न्यायची होती. ढोल वाजायला लागला, जिजींनी चौरंग डोक्यावर घेतला, आणि मिरवणूक निघता निघता अडली. कारण माझी व्हॅन. गल्लीच्या तोंडाशी मी ती अशी लावली होती की माणूस तिरका होऊन जाईल, पण डोक्यावर देवी घेतलेली बाई जाणार नाही. मंगला म्हणाली, "आप्पा, ही तुमची शिष्या?" आप्पा नुसते आकाशाकडे बघत राहिले.

मी गाडी मागे घेत घेत पार मोठ्या रस्त्यावर नेली, तिथं दोन हातगाड्यांच्या मध्ये जागा मिळाली, आणि परत येईपर्यंत मिरवणूक ढोलासकट निघून गेलेली. घाट कुठं, मला माहीत नव्हतं. मी घरी आले. घरात पूनम एकटीच होती. पोटुशी म्हणून तिला नेलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही काही खाल्लं नाही," ती म्हणाली.

"तू देशील ते खाते. भूक फार लागलीय."

तिनं मला आत बसवलं आणि ताट वाढलं. जाड, गुबगुबीत पुरणपोळी, वर तुपाची धार, लाल भोपळ्याची भाजी, खीर. मी खाल्लं. तिनं आणखी एक वाढली.

"घ्या नं. एवढेच उरले रोट. जिजी म्हणल्या की रोट संपलेच पाहिजेत, उरले तर चालत नाही. मला तर आता काहीच खावत नाही. तुम्ही आल्या, बरं झालं."

मी म्हटलं, संपवण्याच्या कामात मी कोणाला हार जात नाही. शेवटची पोळी आम्ही दोघींनी अर्धी अर्धी केली. ती खूश, मी खूश. हातही तिनं मला अंगणातल्या एका खड्ड्यावरच धुवायला लावले. म्हणाली, या जेवणाचं पाणीही बाहेर जाऊ द्यायचं नसतं. केवढी ही स्वच्छता, असं मला वाटलं. मी सुरतेच्या महापालिकेला मनातल्या मनात पुन्हा एकदा शाबासकी दिली.

मंडळी नदीवरून आली. पूनम उत्साहानं पुढे झाली.

"जिजी, रोट संपले! मावशींनी मदत केली."

मंगलाच्या हातातली कळशी हातातच राहिली.

"काय म्हणलीस?"

"दोन त्यांनी खाल्ले, आणि एक आम्ही..."

"अगं, बाहेरच्या माणसाला रोट दिला तू?"

"पण बाहेर कुठं दिला? तुम्हीच म्हणलात, बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या तर आतच बसल्या होत्या!"

तेव्हा मला सगळं कळलं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, अगदी काल जन्मलेल्या बाळाच्या नावानंसुद्धा. त्याचे दळून जे होतात ते रोट. ते देवीला दाखवायचे, आणि त्या घराण्याच्या माणसांनीच खायचे. दुसऱ्या कोणी नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा नाही. शेजारून माझं जेवण का आलं, तेही कळलं. पूनमच्या माहेरी कानबाई नव्हती. तिला नियम सांगितला होता तो अर्धा. संपवायचे एवढं तिनं ऐकलं, कोणी संपवायचे हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की ते बोलायचं कोणाला सुचलंच नाही.

एक म्हातारे चुलते म्हणाले, "पोरगी पोटुशी, अन् पहिल्याच वर्षाला हे." तेवढं ऐकून पूनम रडायला लागली. मला त्या चुलत्यांचा राग आला. मी म्हटलं, "भूक माझी, खाल्लं मी. तिला कशाला बोलता? काय करायचं असतं अशा वेळी, ते सांगा. मी करते."

काय करायचं असतं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण असं कधी झालंच नव्हतं. सगळे जिजींकडे बघायला लागले. जिजींनी आधी पाय धुतले. मग पदरानं तोंड पुसलं. मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कसा व्हता रोट?"

"फार चांगला होता."

"अन् भाजी?"

मला खोटं बोलता येत नाही. "मीठ कमी होतं."

मंगलानं डोळे मिटून घेतले. जिजी हसल्या. "कमीच व्हतं. मी कालच म्हणलं." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "रोट भाऊबंदाशिवाय कोणाच्या पोटात जात नाही ना? हिच्या पोटात गेला. मंग ही भाऊबंद. त्यात रडायचं काय? पूनम, डोळे पूस. ज्याचं होतं त्यालाच दिलंस तू."

"पण जिजी, तिच्या नावाची मूठ नव्हती घेतली," चुलते म्हणाले.

"पुढल्या साली घेसू. या घरात मूठ कोणाची घ्यायची ते मी ठरवते. पहिल्यापासून मीच ठरवते."

पूनमनं नाक पुसलं. मला मात्र वाटलं की माझं काम आता पुरतं बिघडलं. घरच्या माणसानं घरच्याच माणसाला शाल-नारळ द्यायचा, असा कुठं सत्कार असतो? आप्पांच्याही ते ध्यानात आलं होतं. आल्यापासून पहिल्यांदा ते खुशीत दिसले.

"झालं की मग," ते म्हणाले. "आता कसला सत्कार? चहा टाका."

"थांबा जरा," जिजी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "गाडी कोणत्या रस्त्यानं आणली?"

"सापुताऱ्यावरून. वणीवरून."

"सप्तशृंगीच्या गडाच्या खालून?"

"हो."

"परक्याच्या गाडीला मी थांब म्हणलं नसतं. घरच्या गाडीला म्हणते. मला गडावर ने. सुरतेला आल्यापासून जायचं राहिलंय. मग तिथून पुढं तुझा झेंडा पण बघते."

आप्पांचा चेहरा पडला. "मी येवाव नही," ते म्हणाले.

"तुम्हाला कोण बोलावतंय?" जिजी म्हणाल्या. "मी चाललेय."

मंगळवारी सकाळी मी गाडीपाशी गेले तेव्हा आप्पा पुढच्या सीटवर बसलेले होते. मांडीवर पत्र्याची छोटी ट्रंक. मंगलानं वाटेसाठी खमण आणि तळलेल्या मिरच्या दिल्या. पूनमनं मला वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी मीठ मी बघते."

गड

परतीचा रस्ता मी चुकले नाही. चुकायची सोयच नव्हती. चलथाणच्या कारखान्यापासून घाट चढेपर्यंत आप्पांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. डांगात दोनदा ते उतरून चालायला लागतील असं वाटलं, पण जिजींनी मागून एक-एक मिरची पुढे केली आणि वेळ निभावली.

नांदुरीहून गाडी गडावर गेली. पायऱ्यांपाशी आप्पा म्हणाले, "गाडी सोडून मी जात नाही. तुम्ही या जाऊन." फौजेतली सवय. तिथं माकडांशिवाय गाडीला हात लावणारं कोणी नव्हतं, पण ते काठी घेऊन बॉनेटपाशी उभे राहिले.

जिजी दहा पायऱ्या चढत आणि बसत. ढग इतके खाली आले होते की वरच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. नारळ-हळदीची दुकानं अर्धी बंद. अशाच एका बसण्यात मी विचारलं, "काल म्हणालात, मूठ कोणाची घ्यायची ते पहिल्यापासून मी ठरवते. पहिल्यापासून म्हणजे?"

त्यांनी सांगितलं ते असं. लग्नाला थोडीच वर्षं झालेली. आप्पा डोंगरात कुठंतरी. एका पावसाळ्यात गावी खबर आली की त्यांच्या गाड्यांवर दरड कोसळली, काही माणसं सापडत नाहीत. त्यानंतर काहीच नाही. तशात कानबाई आली. भाऊबंद जमले, सासू गव्हाच्या सुपापुढे बसली आणि नाव घेऊन एकेकाची मूठ टाकायला लागली. आप्पांचं नाव आलं तेव्हा तिचा हात थांबला. माणूस जिवंत नसेल आणि त्याची मूठ घेतली तर घरावर येतं, असं मानत. कोणीतरी म्हणालं, यंदा राहू द्या. सासू रडत होती, पण हात पुढे करत नव्हती.

"मग?"

"मंग मी उठले. सुनेनं त्या सुपाला हात लावायचा नसतो. मी लावला. नाव घेऊन मूठ टाकली. नवऱ्याचं नाव, सगळ्या सासऱ्यांसमोर, मोठ्यानं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. सगळ्यांनी मला सांगितलं, काही वाईट झालं तर तुझ्यामुळं. दिवाळीपर्यंत कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मी म्हणलं, बोलू नका. कानबाई बोलते माझ्याशी." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठल्या. "त्यांच्या वाटेचा रोट पण मीच खाल्ला. संपवावा लागतो ना. दिवाळीला हे आले. पाय मोडलेला, दवाखान्यात पडले होते. आल्या आल्या म्हणाले, भूक लागली. चल, उठ. ढग आणखी खाली आले."

वर गर्दी नव्हती. जिजींनी देवीसमोर बराच वेळ डोकं टेकलं. मीही टेकलं. त्या दिवशी नुसते हात जोडून निघणं मला बरं वाटलं नाही.

खाली आलो तर आप्पा म्हणाले, "एवढा वेळ? पुढं अंधार होईल."

नाशिक

पंधरा ऑगस्टला अंगणात सगळ्या गाड्या धुऊन ओळीत लावल्या होत्या. ड्रायव्हर, त्यांची मुलं, कॉलनीतली माणसं. मी झेंड्याच्या खांबापाशी मंडपवाल्याकडच्या दोन मोठ्या खुर्च्या ठेवल्या होत्या. आप्पांनी त्या आदल्या संध्याकाळीच बघितल्या आणि अट घातली, "झेंडा मी लावतो. ते काम आहे. खुर्चीत बसणार नाही. ते काम नाही."

झेंडा त्यांनी असा लावला की दोरीला एकदाही अडखळ नाही. सलामी दिली आणि तसेच चालत जाऊन ड्रायव्हरांच्या मागच्या रांगेत उभे राहिले. जिजींनी मात्र खुर्ची घेतली. गडाच्या पायऱ्यांनी गुडघे धरले होते. पाय वर घेऊन, मांडी घालून, ऐसपैस बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी.

मी भाषण लिहून आणलं होतं. डोंगरातले रस्ते, बर्फ, ट्रक, आणि मला गाडी शिकवल्याचं. ते हातात धरून उभी राहिले आणि रिकामी खुर्ची बघून मला वाटलं, हे वाचलं तर आप्पा फाटकाबाहेर चालू लागतील, आणि या वेळी त्यांच्यामागे गाडी घेऊन जाणं शोभायचं नाही. मी कागदाची घडी घातली. जिजींनी कोणाला सांगू नको असं काही मला म्हटलं नव्हतं. मी दरडीचं सांगितलं, सुपाचं सांगितलं, सासऱ्यांसमोर मोठ्यानं घेतलेल्या नावाचं सांगितलं. मला सजवून सांगता येत नाही, त्यामुळे दोन मिनिटांतच संपलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे जिजींकडे बघत होते, आणि जिजी अंगणातल्या कोंबडीकडे.

मागच्या रांगेतून आप्पा पुढे आले. मला वाटलं, आता मला ऐकावं लागणार. पण ते माझ्या अंगावरून पुढे गेले आणि जिजींच्या खुर्चीसमोर जाऊन थांबले.

"माले कधी सांगं नही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी इचारं?" जिजी म्हणाल्या.

माझ्या ड्रायव्हर बायका तोंडावर हात धरून हसायला लागल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून शेजारची खुर्ची झटकली, तिच्यावर बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं, सुमनबाई. काय करायचं ते कर आता."